घरातले दोन संगणक वायफायने एकमेकांशी जोडताना

दोन्ही संगणक एकाच वायफायवर आहेत, दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालते, तरीही एकावरची फाइल दुसऱ्यावर न्यायची म्हटले की पेनड्राइव्ह शोधावा लागतो, अशी स्थिती अनेक घरांत असते. याचे कारण असे की दोन संगणकांमध्ये फाइलींची ये-जा सुरू होण्यासाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली गोष्ट वाट, म्हणजे एकाने पाठवलेला संदेश दुसऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. दुसरी ओळख, म्हणजे समोरचा संगणक कोणत्या नावाने हाक मारल्यावर ओ देतो हे ठाऊक हवे. तिसरी परवानगी, म्हणजे समोरच्याने आपल्याला कोणता फोल्डर उघडू द्यायचा हे ठरवलेले असले पाहिजे. वायफायचा पासवर्ड टाकल्याने यांतली फक्त पहिली गोष्ट साधते, आणि तीही दर वेळी साधतेच असे नाही.

बहुतेक जण तिन्ही गोष्टी एका दमात करायला जातात आणि शेवटी फोल्डर उघडला नाही की नेमके कुठे अडले हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून एक पायरी पूर्ण करायची, ती तपासायची आणि मगच पुढचीला हात घालायचा, हा क्रम मला सर्वांत खात्रीचा वाटतो. पुढचे वर्णन विंडोज १० आणि विंडोज ११ धरून केले आहे. आज्ञा, नावे आणि आकडे येथे देवनागरीत दिले असले, तरी संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करावेत.

राउटर हवा, इंटरनेट मात्र नको

दोन संगणकांना जोडण्यासाठी इंटरनेटची गरज नसते. राउटरला बाहेरून येणारी वायर लावलेलीच नसली, तरी तो आपले वायफाय चालू ठेवतो, जोडलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो आणि त्यांच्यातले संदेश इकडून तिकडे पोहोचवतो. कपाटात पडून असलेला जुना राउटरसुद्धा या कामाला चालतो. अशा वेळी विंडोज वायफायच्या चिन्हापाशी ‘नो इंटरनेट’ असे दाखवील, त्याकडे दुर्लक्ष करावे. मात्र संगणकाला दुसरे एखादे इंटरनेट असलेले वायफाय माहीत असेल, तर तो आपण होऊन तिकडे उडी मारू शकतो. तसे होऊ नये म्हणून त्या दुसऱ्या वायफायसमोरची ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ ही खूण काढून टाकावी.

राउटरशिवाय दोन संगणक थेट जोडण्याची सोय पूर्वी विंडोजमध्ये होती. तिला ‘ॲड हॉक’ नेटवर्क म्हणत आणि विंडोज ७ पर्यंत ते मेनूमधून उभारता येत असे. विंडोज ८ पासून ती सोय मेनूमधून काढून टाकण्यात आली, त्यामुळे त्या पद्धतीचे जुने सल्ले वाचून वेळ घालवू नये. तिच्या जागी आता ‘मोबाइल हॉटस्पॉट’ आहे. त्यात एक संगणक स्वतःच छोटा राउटर बनतो आणि जास्तीत जास्त ८ यंत्रांना जोडून घेतो, परंतु तो सुरू करण्यासाठी त्या संगणकावर आधी कोणती तरी जोडणी चालू असावी लागते. फोनचा हॉटस्पॉट चालू करून दोन्ही संगणक त्यावर आणणे हाही तात्पुरता उपाय आहे, पण काही फोन जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. रोजच्या वापरासाठी राउटरच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅपटॉपमध्ये वायफाय असतेच. डेस्कटॉपमध्ये नसेल, तर यूएसबीत खोचायचा छोटा वायफाय अडॅप्टर घ्यावा लागतो. हा अडॅप्टर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावला, तर लोखंडी पत्रा सिग्नल अडवतो. शिवाय यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टमधून आणि त्याला लावलेल्या हार्डडिस्कमधून जो विद्युत गोंगाट निर्माण होतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या वायफायला त्रास देतो. इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात याची मोजमापे दिली आहेत. उपाय साधा आहे. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन अडॅप्टर कॅबिनेटपासून दूर, टेबलावर मोकळ्या जागी ठेवावा. सिग्नलच्या दोन रेघांच्या चार रेघा होताना मी अनेकदा पाहिल्या आहेत.

राउटरमध्ये करून घ्यायच्या गोष्टी

राउटरच्या सेटिंग्जचे पान ब्राउझरमध्ये उघडते. त्याचा पत्ता बहुधा यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो आणि तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा काहीसा असतो. त्या पानात शिरण्याचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड हे दोन वेगळे असतात. सर्वप्रथम पहिला बदलावा, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेकदा त्या मॉडेलच्या सगळ्या राउटरना सारखाच असतो.

सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए३ उपलब्ध असेल तर ते निवडावे. संगणक जुना असल्यामुळे तो जोडला जात नसेल, तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही जोडी पुरेशी आहे. डब्ल्यूईपी हा पर्याय दिसला तरी त्याला हात लावू नये, कारण ती पद्धत २००१ सालीच फोडली गेली आहे. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. चार-पाच असंबद्ध शब्द एकापुढे एक लिहिलेला लांब पासवर्ड लक्षात राहायला सोपा आणि फोडायला अवघड असतो. डब्ल्यूपीएस नावाची बटणाची किंवा आठ आकडी पिनची सोय बंद करावी, कारण तिच्या पिनमधला दोष २०११ साली उघड झाला होता. वायफायचे नाव लपवून ठेवण्याने मात्र काहीही साधत नाही, कारण हवेतली वाहतूक टिपणाऱ्याला ते नाव सहज दिसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अनेक राउटर पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ वायफाय देतात, आणि त्यावरच्या यंत्रांना इंटरनेट मिळते पण शेजारचे यंत्र दिसत नाही. ते मुद्दाम तसे केलेले असते. हाच प्रकार ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ या नावाने मुख्य वायफायवरही चालू असू शकतो. माझ्या घरी एकदा एक संगणक मुख्य वायफायवर आणि दुसरा गेस्टवर राहिला होता. दोन्हींवर इंटरनेट उत्तम चालत असल्यामुळे राउटरवर शंका घेण्याचे कारण दिसत नव्हते, आणि फोल्डरच्या परवानग्या पुनःपुन्हा तपासण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. तेव्हापासून कुणीही ‘दोन संगणक एकमेकांना दिसत नाहीत’ असे सांगितले की मी पहिला प्रश्न विचारतो तो दोन्हींवरच्या वायफायच्या नावाचा. एकाच राउटरची २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे असतील, तर एक संगणक एकावर आणि दुसरा दुसऱ्यावर असण्याने सहसा बिघडत नाही, कारण राउटर ती दोन्ही आतून एकत्र जोडतो. गेस्टची गोष्ट वेगळी आहे.

वाट आहे की नाही हे पाहणे

दोन्ही संगणकांवर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडावा, ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा मध्ये जागा न सोडता टाइप करावी आणि एंटर दाबावे. बरीच माहिती समोर येते, त्यातली वायफायच्या मथळ्याखालची ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ ही एकच ओळ हवी असते. समजा, एका संगणकावर १९२.१६८.१.१० आणि दुसऱ्यावर १९२.१६८.१.११ असे आले. पहिले तीन आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा, असे असले की दोघे एकाच आळीत आहेत असे समजावे. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.५० ने सुरू होत असेल, तर ते वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत, आणि तिथे गेस्ट वायफायचा किंवा घरात असलेल्या दुसऱ्या राउटरचा शोध घ्यावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याचा अर्थ राउटरने पत्ता दिलाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता लावून घेतला, असा होतो. वायफाय एकदा तोडून पुन्हा जोडावे, राउटर बंद करून चालू करावा.

यानंतर दोन्ही संगणकांवर सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘वायफाय’ आणि मग आपल्या वायफायचे गुणधर्म उघडावेत. तिथे ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन पर्याय दिसतात. विंडोज नव्या वायफायला सहसा ‘पब्लिक’ समजते, म्हणजे आजूबाजूची यंत्रे परकी आहेत असे धरून स्वतःला त्यांच्यापासून लपवते. घरच्या वायफायसाठी ‘प्रायव्हेट’ निवडावे. मग ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ या पानावर जाऊन प्रायव्हेट नेटवर्कखालचे ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ हे दोन्ही चालू करावेत. विंडोज ११ मध्ये हे पान ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’च्या आत सापडते, विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मधून तिथे जाता येते. त्याच पानावर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ असते. ते बंद करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो, तो मानू नये. ते चालूच राहू द्यावे.

आता पहिल्या संगणकावरून ‘पिंग’ हा शब्द, एक जागा आणि दुसऱ्याचा पत्ता टाइप करून एंटर दाबावे. वाट मोकळी असेल तर ‘रिप्लाय फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या चार ओळी एकेका सेकंदाने उमटतात आणि प्रत्येकीत उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसते. घरातल्या वायफायवर हा आकडा सहसा लहान, बहुधा एक अंकी असतो. तो मधूनच दीडशे-दोनशेवर जात असेल, तर सिग्नल कमजोर आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे चारदा आले, तर वाट बंद आहे, आणि ती मोकळी होईपर्यंत फोल्डरच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. वायफायचे नाव आणि पत्ते बरोबर असूनही उत्तर येत नसेल, तर बहुधा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे संदेश अडवणारी यंत्रणा, आड येत असते. बाहेरून बसवलेल्या काही अँटिव्हायरस कार्यक्रमांची स्वतःची फायरवॉल असते आणि विंडोजमध्ये ‘प्रायव्हेट’ निवडले तरी ती त्या वायफायला परकेच समजत राहते. त्या कार्यक्रमात जाऊन आपले वायफाय विश्वासातले म्हणून नोंदवावे, फायरवॉल संपूर्ण बंद करू नये. पिंग दोन्ही दिशांनी करून पाहावे, कारण एका बाजूने वाट मोकळी आणि दुसऱ्या बाजूने बंद असेही घडते.

नाव आणि खाते

विंडोजने दिलेली संगणकांची नावे अक्षरे आणि आकडे यांची सरमिसळ असते आणि ती लक्षात राहत नाहीत. सेटिंग्जमधल्या ‘सिस्टम’ खाली ‘अबाउट’मध्ये जाऊन नाव बदलावे. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता आणि १५ अक्षरांच्या आत असावे. येथे एकाला ‘बैठक’ आणि दुसऱ्याला ‘अभ्यास’ म्हणू. नाव बदलल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा आणि पत्त्याऐवजी नाव वापरून पिंग करून पाहावे.

ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्यावरच्या खात्याचे नाव आणि पासवर्ड दुसऱ्या संगणकावर द्यावा लागतो. माझ्या अनुभवात सर्वाधिक माणसे येथे अडतात आणि त्याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे, रोज चार आकडी पिन टाकून संगणक उघडणाऱ्याला तोच पासवर्ड वाटतो, परंतु पिन फक्त त्याच संगणकापुरता असतो आणि नेटवर्कवरून तो चालत नाही. दुसरे म्हणजे, खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज त्या खात्याने नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. दोन्हींवर एकच उपाय मी सुचवतो. फोल्डर असलेल्या संगणकावर केवळ या कामासाठी एक वेगळे साधे खाते उघडावे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ खाली ‘अदर यूजर्स’ आहे (विंडोज १० मध्ये ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’). तिथे नवे खाते जोडताना ईमेल विचारला की आपल्याकडे ती माहिती नाही हा पर्याय निवडावा, मग मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्याय घ्यावा. खात्याला ‘घर’ असे नाव आणि चांगला पासवर्ड द्यावा. आपल्या मुख्य खात्याचा पासवर्ड त्यामुळे कुठेच द्यावा लागत नाही.

फोल्डर शेअर करणे

संपूर्ण सी ड्राइव्ह शेअर करण्याचा मोह टाळावा. ‘देवघेव’ नावाचा एक नवा फोल्डर करावा आणि तेवढाच शेअर करावा. एका संगणकात कधी घातक कार्यक्रम शिरला आणि त्याने फाइली कुलूपबंद करायला सुरुवात केली, तर ज्या ज्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा आहे तिथपर्यंत तो पोहोचतो. म्हणून घरातल्या छायाचित्रांचा एकमेव संच अशा फोल्डरमध्ये ठेवू नये.

फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘शेअरिंग’च्या पानावर जावे. तिथे ‘शेअर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ अशी दोन बटणे असतात. पहिले वापरावे. विंडोजमध्ये शेअरची परवानगी आणि डिस्कवरच्या फाइलची परवानगी अशा दोन वेगळ्या परवानग्या असतात आणि दोहोंपैकी जी अधिक कडक असेल तीच नेटवर्कवरून लागू होते. ‘शेअर’ हे बटण दोन्ही एकाच वेळी जुळवते, ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ मात्र फक्त पहिली बदलते, आणि मग फोल्डर दिसतो पण उघडत नाही अशी अडचण येते. यादीतून ‘घर’ हे खाते निवडून जोडावे आणि त्यासमोर ‘रीड’ किंवा ‘रीड/राइट’ निवडावे. दुसऱ्या बाजूने फक्त फाइली वाचायच्या असतील, तर ‘रीड’वरच थांबावे.

आता दुसऱ्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे फोल्डर असलेल्या संगणकाचे नाव लिहावे, म्हणजे \\बैठक असे, आणि एंटर दाबावे. नाव-पासवर्डाची चौकट येते. तिथे नुसते ‘घर’ न लिहिता बैठक\घर असे, आधी संगणकाचे नाव मग खात्याचे नाव, लिहिणे चांगले. तसे न केल्यास हा संगणक कधीकधी स्वतःच्याच यादीत ‘घर’ शोधत बसतो. चुकीचा पासवर्ड एकदा साठवला गेला असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून ती नोंद काढून टाकावी, नाही तर तोच पुनःपुन्हा पाठवला जातो.

एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ या भागात समोरचा संगणक दिसत नसला, तरी घाबरून जाऊ नये. यादीत दिसणे आणि प्रत्यक्ष उघडता येणे या वेगळ्या बाबी आहेत, आणि नाव थेट टाइप केल्यावर तो बहुतेक वेळा उघडतो. यादीत दिसायला हवाच असेल, तर त्या संगणकावरची ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू करावी. त्यासाठी एसएमबी १ हा फाइल शेअरिंगच्या पद्धतीचा जुना प्रकार चालू करा, असे सांगणारे सल्ले अजून फिरतात. विंडोजने तो २०१७ पासून नव्या बसवणीत वगळला आहे, कारण तो असुरक्षित आहे, आणि तो तसाच बंद राहू द्यावा. त्याचप्रमाणे ‘होमग्रुप’ ही सोय २०१८ च्या विंडोज १० पासून काढून टाकलेली आहे, ती शोधू नये.

फोल्डर एकदा उघडला की ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ वापरून त्याला झेड असे अक्षर द्यावे आणि पुन्हा साइन-इन करताना जोडण्याची खूण करावी, म्हणजे तो इतर ड्राइव्हच्या शेजारी दिसत राहतो. समोरचा संगणक झोपी गेला असेल, तर हा ड्राइव्ह लाल फुलीसह दिसतो. फोल्डर असलेला संगणक विजेला जोडलेला असताना झोपी जाऊ नये, अशी त्याच्या पॉवर सेटिंगमध्ये तजवीज करावी. एकच फाइल दोघांनी एकाच वेळी उघडताना थोडी काळजी घ्यावी. वर्डसारखे कार्यक्रम दुसऱ्याला ती फाइल वापरात असल्याचे सांगतात, पण साध्या नोटपॅडमधल्या फाइलीत जो शेवटी सेव्ह करतो त्याचेच लिखाण उरते.

मॅक संगणकावर हेच काम सिस्टम सेटिंग्जमधल्या ‘शेअरिंग’खालच्या ‘फाइल शेअरिंग’ने होते. विंडोजवरून त्यात यायचे असेल, तर त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये संबंधित खात्यासमोर खूण करावी लागते.

वेग कमी का वाटतो

राउटरच्या खोक्यावर लिहिलेला वेग बिटांमध्ये असतो आणि संगणक फाइलींचा आकार बाइटमध्ये दाखवतो. एक बाइट म्हणजे ८ बिट. शिवाय वायफायचा जाहीर वेग आणि प्रत्यक्ष मिळणारा वेग यांत मोठी तफावत असते, तो निम्मा मिळाला तरी चांगला समजावा. आणि दोन्ही संगणक एकाच वायफायवर असले, तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा पहिल्याकडून राउटरकडे आणि दुसऱ्यांदा राउटरकडून दुसऱ्याकडे, आणि हवा तर एकच असते. जाहीर वेग सेकंदाला ३०० मेगाबिट धरला, तर प्रत्यक्षात सुमारे १५०, दोनदा जाण्यामुळे त्याचे ७५, आणि बाइटमध्ये मोजल्यास सेकंदाला जेमतेम ९ मेगाबाइट उरतात. १० गिगाबाइटचा व्हिडिओ त्या हिशोबाने अठरा-एकोणीस मिनिटे घेतो. यात बिघाड काहीच नसतो.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दोहोंपैकी राउटरजवळचा संगणक साध्या नेटवर्क केबलने राउटरला जोडणे. फाइल मग हवेतून एकदाच जाते आणि वेळ निम्म्यावर येतो. दुसरा उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वापरणे. ते जास्त वेगवान असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा अडथळा त्याला होत नाही, पण भिंतींतून ते कमी आरपार जाते. दोन खोल्यांपलीकडे २.४ गिगाहर्ट्झच जास्त भरवशाचे ठरते, आणि तिथे राउटरमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळे चॅनेल निवडावे, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर संगणकाचा पत्ता बदलू शकतो. नावाने जोडणी केली असेल तर सहसा फरक पडत नाही. पत्त्यानेच करावी लागली असेल, तर राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते देणाऱ्या, विभागात त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवावा. त्याआधी त्या संगणकाच्या वायफाय सेटिंगमधला ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ हा पर्याय बंद असल्याची खात्री करावी, कारण तो चालू असला तर राउटरला दर वेळी नवेच यंत्र आल्यासारखे वाटू शकते आणि राखलेला पत्ता मिळत नाही.

यांपैकी एखादा लॅपटॉप घराबाहेर नेत असाल, तर स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायला जोडताना तिथे ‘पब्लिक’च निवडलेले आहे हे पाहावे. ही निवड प्रत्येक वायफायसाठी स्वतंत्र लक्षात ठेवली जाते, त्यामुळे घरी परतल्यावर ‘देवघेव’ पुन्हा पूर्वीसारखाच उघडतो.